बेन्झिनचं वलय: रसायनीतलं आणि मातीतलं

रसायनीतल्या ‘हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स’ला आसपासच्या गावांत पूर्ण नावाने फारसं कोणी ओळखत नाही. मोहोपाड्याच्या बाजारात ती ‘एचओसी’. रंग, औषधं, कीटकनाशकं, रबर अशा उद्योगांना लागणारी मूळ सेंद्रिय रसायनं देशातच तयार व्हावीत म्हणून १९६० साली केंद्र सरकारने ही कंपनी काढली आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात तिचा कारखाना उभा राहिला. पाताळगंगेला बारमाही पाणी असतं ते खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रामुळे. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी १९१५ पासून तिथल्या जनित्रांवर उतरतं आणि वीज देऊन नदीला मिळतं. या नदीच्या काठी एवढे कारखाने का, याचं निम्मं उत्तर त्या पाण्यात आहे.

एचओसीतली एक साखळी इथे नीट पाहायला हवी. सुरुवात बेन्झिनपासून, म्हणजे सहा कार्बनच्या एका वलयापासून. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात त्याचं नायट्रोबेन्झिन होतं: पिवळसर, तेलकट, कडू बदामाच्या वासाचं आणि जबर विषारी. मग तापलेल्या उत्प्रेरकावर त्याची हायड्रोजनशी गाठ घातली की अ‍ॅनिलिन मिळतं. वलय तेच राहतं. त्याला जोडलेल्या नायट्रोजनवरचे ऑक्सिजन निघून जातात आणि त्यांच्या जागी हायड्रोजन येतात, एवढाच बदल. पण तेवढ्यासाठी आम्लाला दाद न देणाऱ्या टाक्या, उच्च तापमान, हायड्रोजनचा पुरवठा आणि स्फोट होऊ नये म्हणून चोवीस तासांचा पहारा लागतो. २०१७ साली केंद्राने रसायनीचं हे युनिट बंद करायचं ठरवलं. इस्रोच्या रॉकेटना लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लांट तेवढा वगळला.

अ‍ॅनिलिनचा औषधांशी जुना संबंध आहे. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचा एक लाल रंग जिवाणूंच्या संसर्गावर चालतो असं जाहीर केलं आणि त्यातून सल्फा औषधं आली. ही औषधं अ‍ॅनिलिनपासून चारपाच पायऱ्यांत तयार होतात. ती काम कशी करतात तेही सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. जिवाणूंना फॉलिक अ‍ॅसिड स्वतः तयार करावं लागतं आणि त्यासाठी त्यांना पॅरा-अमिनोबेन्झोइक अ‍ॅसिड लागतं. वैज्ञानिक त्याला ‘पाबा’ म्हणतात. पाबा म्हणजे एका टोकाला अमिनो गट आणि दुसऱ्या टोकाला आम्लाचा गट असलेलं बेन्झिनचं वलय, अ‍ॅनिलिनचाच सख्खा भाऊ. सल्फाचा रेणू दिसायला पाबासारखा. तो एन्झाइममध्ये पाबाच्या जागेवर जाऊन बसतो आणि जिवाणूचं काम अडतं. माणूस फॉलिक अ‍ॅसिड अन्नातून घेतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

आता प्रश्न असा, की जिवाणू हे वलय आणतात कुठून? त्यांच्याकडे बेन्झिन नाही, आम्लाच्या टाक्या नाहीत, हायड्रोजनही नाही. ते हे वलय साखरेपासून बनवतात, पाण्यात, साधारण २८ अंश सेल्सिअसला, एकामागून एक काम करणाऱ्या काही एन्झाइमांच्या मदतीने. या वाटेला शिकिमेट मार्ग म्हणतात. वनस्पतींमध्ये आणि जिवाणूंमध्ये तो असतो, प्राण्यांमध्ये नसतो. आणि मातीतले काही जिवाणू या वलयावर थांबत नाहीत. ते त्याला पायाचा दगड करतात आणि त्यावर रसायनीतल्या कोणत्याही प्लांटला सहजी जमणार नाहीत असे प्रचंड रेणू उभारतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन अशाच एका रेणूपासून येतं. पिंपरीच्या मातीत सापडलेलं हॅमायसिन हाही तसाच रेणू.

हे जिवाणू मुख्यतः अ‍ॅक्टिनोमायसीट गटातले. त्यांतला सगळ्यात मोठा कुटुंबकबिला स्ट्रेप्टोमायसिसचा. असे ते जिवाणू, पण वाढतात बुरशीसारखे: बारीक तंतू पसरतात, मातीच्या कणांत शिरतात, पालापाचोळा, काटक्या, मेलेल्या किड्यांची कवचं कुजवतात. अन्न संपत आलं की तंतूंचे शेंडे हवेत उभे राहतात आणि त्यांचे बीजाणू होतात. खालापूरची भातखाचरं मे महिन्यात तापून भेगाळतात तेव्हा बाकीचे असंख्य सूक्ष्मजीव मरतात, पण हे बीजाणू टिकून राहतात. प्रयोगशाळेत नेमका याच चिवटपणाचा फायदा घेतात. मातीचा नमुना आधी सुकवतात, कधी थोडा तापवतात. नाजूक जिवाणू गळून पडतात आणि हवे ते मागे राहतात.

मग चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळून ते पाणी दहादहा पटींनी पातळ करत नेतात आणि त्याचा थेंब स्टार्च-केसिनच्या आगरवर पसरवतात. घाई उपयोगाची नसते. इतर जिवाणूंचे ओले, चकचकीत ठिपके एका दिवसात दिसतात. स्ट्रेप्टोमायसिसला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. पण एकदा उगवला की त्याला ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ठिपका कोरडा, खडूच्या भुकटीने माखल्यासारखा: पांढरा, राखाडी, कधी गुलाबी. तारेच्या टोकाने उचलायला गेलं तर सुटत नाही, आगरमध्ये रुतून बसलेला असतो. काहींच्या माथ्यावर निळा, पिवळा किंवा तपकिरी द्रव थेंबाथेंबाने साठतो. बशी उघडली की पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास म्हणजे जिओस्मिन, आणि तेही यांचंच उत्पादन. या वासाने स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे किडे खेचले जातात, स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर आणि पोटातून पुढे नेतात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

अँटिबायोटिक हे मातीतलं युद्धास्त्र आहे असं शाळेत शिकवतात. ते खरं आहे, पण अपुरं. वेळेचं गणित पाहिलं तर जास्त कळतं. अन्न मुबलक असताना स्ट्रेप्टोमायसिस सहसा अँटिबायोटिक बनवत नाही. अन्न संपतं, जुने तंतू मोडून त्यांतल्या मालमसाल्यावर बीजाणू वाढवायची वेळ येते, तेव्हा हा मार्ग उघडतो. स्वतःची भिंत मोडताना बाहेर पडणारी अमिनो साखर हीच त्याच्यासाठी उपासमारीची खूण असते. आपलेच तंतू फुटून अन्न बाहेर सांडत असताना शेजाऱ्यांना दूर ठेवणं भाग असतं. काही जातींमध्ये यासाठी वेगळा निरोपही असतो. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस ‘ए-फॅक्टर’ नावाचा एक लहान रेणू बाहेर सोडतो. आजूबाजूला त्याचं प्रमाण ठरावीक पातळीपर्यंत चढलं की बीजाणू आणि स्ट्रेप्टोमायसिन या दोन्हींची तयारी एकदम सुरू होते. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना क्षयावर चालणारं पहिलं अँटिबायोटिक मिळालं ते याच जातीपासून. भरपूर शेणखत घातलेल्या एका शेतातली ती माती होती.

रेणू उभा कसा राहतो, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजून घ्यायला रिफामायसिनइतकं चांगलं उदाहरण नाही.

१९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेंट राफाएलजवळच्या पाइनच्या बनातली माती मिलानच्या लेपेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिच्यातला जिवाणू आज अ‍ॅमायकोलाटॉप्सिस मेडिटेरानेई या नावाने ओळखला जातो. पिएरो सेन्सी आणि सहकाऱ्यांना त्यात एक नव्हे, एकमेकांशी मिळतीजुळती अनेक संयुगं दिसली आणि ती वेगळी करता करता ते जेरीस आले. मग असं आढळलं की वाढीच्या माध्यमात बार्बिटाल हे झोपेचं औषध घातलं तर जिवाणू जवळजवळ एकच संयुग बनवतो, रिफामायसिन बी. त्यावर रासायनिक फेरफार करून १९६०च्या दशकात रिफाम्पिसिन तयार झालं. क्षयाच्या गोळ्या सुरू केलेल्या रुग्णाची लघवी केशरी होते आणि घरचे घाबरतात. तो रंग याच रेणूचा. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातही महिन्यातून एकदा देण्याचा मुख्य डोस याचाच असतो.

हा रेणू बनवण्याची सूचना जिवाणूच्या डीएनएत सलग एकाच पट्ट्यात लिहिलेली आहे. १९९८ साली हाइन्झ फ्लॉस यांच्या गटाने तो पट्टा वाचून काढला. पहिल्या जनुकांचं काम वलय बनवण्याचं: अमिनो-हायड्रॉक्सी-बेन्झोइक अ‍ॅसिड, पाबाचाच चुलत भाऊ. त्यातला नायट्रोजन कारखान्यासारखा शेवटी बसवलेला नसतो. साखर अजून साखर असतानाच तो तिच्यात घातला जातो आणि वलय नंतर आकाराला येतं. हे वलय मग रिफ-ए ते रिफ-ई अशा पाच अजस्र प्रथिनांच्या रांगेकडे सोपवलं जातं. या प्रथिनांमध्ये एकूण दहा विभाग आहेत, शास्त्रज्ञ त्यांना मॉड्यूल म्हणतात. औद्योगिक वसाहतीत एका प्लांटमधून निघालेला माल पाइपने पुढच्या प्लांटला जावा, तशी वाढती साखळी एका मॉड्यूलकडून पुढच्याकडे जाते आणि प्रत्येक मॉड्यूल तिच्यात एकच तुकडा जोडतो. तुकडे दोन प्रकारचे. दोन ठिकाणी अ‍ॅसिटेटचा, आठ ठिकाणी प्रोपिओनेटचा. फरक एका मिथाइल गटाचा: प्रोपिओनेटचा तुकडा बसला की साखळीच्या त्या जागी एक कार्बन फांदीसारखा बाहेर येतो, अ‍ॅसिटेटचा बसला तर येत नाही. कोणता तुकडा उचलायचा हे मॉड्यूलमधला अ‍ॅसिलट्रान्सफरेज हा भाग ठरवतो. दहावा तुकडा बसला की रिफ-एफ हे एन्झाइम साखळीचं शेपूट परत मूळ वलयाच्या नायट्रोजनला बांधतं आणि बंद कडी तयार होते. पुढची एन्झाइमं तिच्यावर ऑक्सिजन चढवतात, किरकोळ गट लावतात.

यातली विलक्षण गोष्ट ही, की डीएनएतल्या मॉड्यूलचा क्रम आणि रेणूतल्या तुकड्यांचा क्रम एकच असतो. जनुकं वाचून रेणूचा सांगाडा बराचसा कागदावर काढता येतो. आणि जे वाचता येतं ते खोडून दुरुस्तही करता येतं.

रसायनीच्या साखळीशी तुलना करायची तर क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक जास्त जवळचं. १९४७ साली व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस व्हेनेझुएले या जिवाणूत ते मिळालं. त्याच्या रेणूत चक्क नायट्रोबेन्झिनचं वलय आहे. सजीवांच्या रसायनात नायट्रो गट दुर्मीळ. हा जिवाणू आधी अमिनो गट असलेलं वलय बनवतो आणि शेवटी सीएमएल-आय नावाच्या, लोहाचे दोन अणू बाळगणाऱ्या एन्झाइमने हवेतला ऑक्सिजन वापरून त्याचा नायट्रो गट करतो. कारखान्यात नायट्रोचा अमिनो होत होता, जिवाणूत अमिनोचा नायट्रो होतो. गंमत म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणू लहान असल्याने दोनच वर्षांत, १९४९ साली, तो रसायनशाळेत तयार करता आला आणि बाजारातला माल जिवाणूऐवजी कारखान्यातून येऊ लागला. रिफामायसिनच्या बाबतीत ते परवडण्यासारखं नाही. तिथे अजूनही किण्वनाशिवाय, म्हणजे जिवाणूला टाकीत वाढवल्याशिवाय, गत्यंतर नाही.

महाराष्ट्रात या विद्येचं घर होतं पिंपरीला.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने स्थापन झाली आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, जिवाणूपासून नव्हे. पण पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागलं. पिंपरीची खरी मिजास मात्र उत्पादनात नव्हती, तिथल्या संशोधन विभागात होती. एम. जे. तिरुमलाचार हे त्याचे प्रमुख. मूळचे बुरशीशास्त्रज्ञ, पिकांवरच्या तांबेरा आणि काणी रोगांच्या बुरशींचे जाणकार. बुरशी मारणारं अँटिबायोटिक शोधायला बुरशी ओळखणारा माणूस नेमणं किती योग्य होतं ते लवकरच दिसलं. पिंपरीच्याच मातीतून त्यांच्या गटाने एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला, त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव दिलं आणि १९६१ साली त्यातल्या हॅमायसिनची माहिती कंपनीच्याच ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये छापली. नावातली पहिली अक्षरं कंपनीच्या नावातून आलेली.

हॅमायसिन जिवाणूंना काही करत नाही. ते बुरशीवर चालतं: तोंडात किंवा योनिमार्गात होणारा कॅन्डिडाचा संसर्ग, अ‍ॅस्परजिलस, शिवाय ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. त्याच्या मोठ्या वलयात सात दुहेरी बंध ओळीने येतात आणि एका टोकाला एक अमिनो साखर असते. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल हा पदार्थ असतो; हॅमायसिन त्याला चिकटतं, पडदा फुटका होतो आणि पेशीतला ऐवज बाहेर गळतो. रेणूच्या शेपटाला लागलेला तुकडा म्हणजे पॅरा-अमिनोअ‍ॅसिटोफिनोन. या कुळातल्या रेणूंमध्ये तो पाबापासून येतो. ज्या पाबाची नक्कल करून सल्फा औषधं जिवाणूला फसवतात, त्याच पाबावर या अँटिबायोटिकांची उभारणी सुरू होते. रिफामायसिनप्रमाणेच इथेही एकामागून एक मॉड्यूल तुकडे जोडत जातात, फक्त त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट.

तीन वर्षांनी, १९६४ साली, तिरुमलाचार, पी. डब्ल्यू. रहाळकर, आर. एस. सुकापुरे आणि के. एस. गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंगिन जाहीर केलं. तेही याच कुळातलं. ते शेतात गेलं: लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या आणि भातावरचा करपा यांवर त्याची फवारणी होऊ लागली. देशी संशोधन, देशी मातीतला जिवाणू, देशी कारखाना आणि गिऱ्हाईक इथला शेतकरी. असं जुळून आलेलं दुसरं उदाहरण भारतीय औषधनिर्मितीच्या इतिहासात शोधावं लागेल. आजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला फ्लेमिंग आणि वॅक्समन तोंडपाठ असतात. रहाळकर आणि सुकापुरे त्याच्या कानावरही पडत नाहीत, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

हॅमायसिनचं घोडं अडलं ते दोन गोष्टींवर. ते पाण्यात विरघळत नाही आणि रक्तात गेलं तर रुग्णाच्या पेशींनाही इजा करतं, कारण आपल्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलच्या नात्यातलंच आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात शरीरात खोलवर गेलेल्या बुरशीच्या संसर्गावर ते देऊन पाहिलं गेलं, पण औषध मुख्यतः वरून लावण्यापुरतंच राहिलं. नंतर दिल्लीत बी. के. बच्छावत आणि सहकाऱ्यांनी ते चरबीच्या सूक्ष्म पुटिकांमध्ये भरून त्याचा विषारीपणा कमी होतो हे प्राण्यांवर दाखवलं.

मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातही मातीचे नमुने असेच चाळले जात होते. मातीतल्या एका बॅसिलसपासून तिथे मर्सासिडिन मिळालं आणि १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते चालतं. त्याची घडण अगदी निराळी: जनुकात लिहिलेल्या क्रमाने आधी एक छोटं प्रथिन बनतं आणि मग एन्झाइमं त्याला वळवून गाठी मारतात. त्यामुळे जनुकातलं अक्षर बदलून रेणूतला एक घटक बदलता येतो, आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी तसे अनेक बदल करून पाहिले.

मार्गात फेरफार करण्याची जुनी रीत आंधळी होती. जिवाणूवर अतिनील किरण सोडायचे, उरलेल्या हजारोंतून जास्त माल देणारा वाण निवडायचा, पुन्हा किरण सोडायचे. जगातल्या बहुतेक अँटिबायोटिक कारखान्यांचं उत्पादन अशाच निवडीने वाढलं. जाणूनबुजून जनुक हलवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९८५ सालचा. इंग्लंडमधल्या नॉर्विचचे डेव्हिड हॉपवुड, जपानचे सातोशी ओमुरा आणि अमेरिकेतले फ्लॉस यांनी निळं अ‍ॅक्टिनोऱ्होडिन बनवणारी काही जनुकं दुसऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातली. त्या जिवाणूने निसर्गात कधीच नसलेलं, दोघांच्या मधलं संयुग तयार केलं. २००२ साली हॉपवुड यांच्याच लाडक्या स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यात अशा रेणूंचे वीसहून अधिक मार्ग लिहिलेले होते आणि त्यांतले मोजकेच प्रयोगशाळेत चालू होते. बाकीचे झोपलेले. त्यांना जागं कसं करायचं यावर आजही जगभर काम चालू आहे.

रिफामायसिनच्या मार्गात असा फेरफार करण्याचं एक महत्त्वाचं काम दिल्ली विद्यापीठात झालं. क्षयाच्या जंतूमध्ये रिफाम्पिसिन आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला चिकटतं. त्या एन्झाइमच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक छोटा टप्पा आहे. त्यात बदल झाला की औषध चिकटत नाही. जिल्हा रुग्णालयात थुंकीची ‘सीबीनॅट’ चाचणी होते तेव्हा मशीन हाच टप्पा तपासतं. रूप लाल आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने घेतला: जंतूने कुलूप बदललं असेल तर किल्लीचे दाते बदलून पाहू. त्यांनी रिफामायसिनच्या सहाव्या मॉड्यूलमधला, प्रोपिओनेटचा तुकडा उचलणारा भाग काढला आणि त्याजागी रापामायसिन नावाचा वेगळा रेणू बनवणाऱ्या जिवाणूच्या दुसऱ्या मॉड्यूलमधला, अ‍ॅसिटेटचा तुकडा उचलणारा भाग बसवला.

वाक्य एक, पण त्यामागे वर्षांचे कष्ट आहेत. या जिवाणूचा जनुकसंच एक कोटीहून जास्त अक्षरांचा, त्यात जी आणि सी या अक्षरांची इतकी गर्दी की डीएनए कापणं-जोडणं जिकिरीचं होतं. मॉड्यूल एकमेकांसारखे असल्याने नवा तुकडा चुकीच्या मॉड्यूलमध्ये जाऊन बसण्याची भीती असते. बाहेरचा डीएनए हा जिवाणू सहजासहजी घेतही नाही. हे सगळं निभावल्यावर हवा तो वाण मिळाला आणि त्याने एक मिथाइल गट कमी असलेलं रिफामायसिन बनवलं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातले ताइफो महमूद या कामात बरोबर होते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या नव्या रेणूपासून केलेलं रिफाम्पिसिन, नेहमीच्या रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंच्या अनेक वाणांवर प्रयोगशाळेत प्रभावी ठरलं. पूर्ण रेणूतून एक कार्बन आणि दोन हायड्रोजन कमी झाले होते, बस्स. रसायनशास्त्रज्ञाने तयार रिफाम्पिसिन हातात घेऊन नेमक्या त्याच जागेवरचा कार्बन उपटायचं ठरवलं असतं तर ते जवळपास अशक्य होतं. जिवाणूला मात्र तो मुळात बसवूच नको असं सांगता आलं.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट इथून पुढे लांब आहे, आणि तिच्यातला मोठा अडथळा टाकीतला आहे. कापाकापी केलेला मार्ग सहसा मूळ मार्गापेक्षा कमी माल देतो. तो वाढवायला पुन्हा किण्वनाची जाण लागते: हवा किती सोडायची, फेस कसा आवरायचा, साखर कधी संपू द्यायची. नेमकी हीच विद्या भारताने मधल्या काळात हातची घालवली. चीनमधून स्वस्त माल येऊ लागला तसे इथले पेनिसिलिनचे कारखाने एकेक करून थांबले. खालापूर तालुक्यात सावरोलीला कोप्रानच्या कारखान्यात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या-कॅप्सूल बनतात, पाताळगंगेला १९८२ पासून सिप्ला आहे. गोळी बांधण्यात, रेणूवर शेवटचा रासायनिक हात फिरवण्यात या पट्ट्याचा हात कोणी धरणार नाही. पण पेनिसिलिनसारखा मूळ पदार्थ देशाने बाहेरून आणायची सवय लावून घेतली. २०२० साली केंद्राने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पेनिसिलिन-जी आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड आहेत, रिफाम्पिसिन आहे आणि पिंपरीत एकेकाळी बनणारं स्ट्रेप्टोमायसिनही आहे.

योजनेचा पैसा टाक्यांवर खर्च होईल. त्यातला थोडा वाणांवर व्हायला हवा, आणि पहिला मान हॅमायसिनला द्यायला हरकत नाही. त्याच्या अगदी जवळच्या नातलगावर, एफआर-००८ या अँटिबायोटिकवर, चीनमध्ये काम झालेलं आहे. रेणूवर आम्लाचा गट चढवणारं एक एन्झाइम तिथल्या संशोधकांनी बंद पाडलं. बुरशी मारण्याची ताकद टिकली आणि रक्तपेशी फोडण्याचा दोष पुष्कळ कमी झाला. हॅमायसिनला इतकी वर्षं मागे ठेवणाऱ्या दोन दोषांतला एक नेमका हाच होता. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, जनुकं वाचणाऱ्या आणि कापणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि पिंपरीचा कारखाना तिथून तासाभराच्या आत आहे. दवाखान्यांत कॅन्डिडाचे हट्टी संसर्ग वाढत असताना स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनातलं तेच एन्झाइम बंद करून पाहणं हा एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पेलेल एवढा प्रकल्प आहे.